कोल्ड एअर इनटेक आणि कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत आमच्या शेडमध्ये वर्षभर हेच प्रश्न येतात. निम्मे फोनवर, निम्मे रात्री अकरानंतर मेसेजवर. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त "भाऊ" आणि "दादा" गाळलेत. उत्तरं पुण्या-मुंबईच्या गाडीसाठी नाहीत. जिची रात्र माडाखाली जाते आणि पावसाळा घाटात, अशा गाडीसाठी आहेत.

१. कोल्ड एअर इनटेक म्हणजे नक्की काय? कंपनीच्या फिल्टरपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनाशेजारची हवा तापलेली असते आणि तापलेली हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच घोटात प्राणवायू कमी. म्हणून हवा बाहेरून, बंपर किंवा ग्रिलच्या मागून घ्यायची. त्यासाठी मोठ्या व्यासाचा पाइप, मोठा फिल्टर आणि इंजिनाची धग अडवणारा पत्रा किंवा बॉक्स, या सगळ्याला मिळून कोल्ड एअर इनटेक म्हणतात.

विकणारा एक गोष्ट सांगत नाही. बॉनेट उघडा आणि कंपनीच्या फिल्टर बॉक्सचं तोंड कुठे जातं ते हाताने चाचपा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ते ग्रिलच्या वरच्या पट्टीमागे निघतं. म्हणजे कंपनीचा इनटेकही थंड हवाच घेतो. बाजारातला किट फरक करतो तो मुख्यतः वाटेतला अडथळा कमी करून आणि आवाज मोकळा सोडून.

२. पॉवर किती वाढेल? खरं सांगा.

हवा ३ अंशांनी गार झाली की तिची घनता साधारण १ टक्क्याने वाढते. ६५ अंशांच्या जागी ३५ अंशांची हवा मिळाली तर इंजिनात जवळजवळ १० टक्के जास्त हवा जाईल. हा हिशोब खरा आहे, पण चालत्या गाडीत कंपनीचा बॉक्सही बाहेरच्यापेक्षा थोडीच गरम हवा ओढत असतो. त्यामुळे टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या शंभरेक पीएसच्या (अश्वशक्तीच्या) गाडीत पदरात पडतात ते दोन-चार पीएस, आणि सीटवर बसून ते कळत नाहीत. कळतो तो आवाज. "पिकअप वाढला" असं सांगणाऱ्या दहांपैकी किती जणांचे कान बोलत असतात, ते तुम्हीच ठरवा.

पैसे घालण्याआधी ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावा आणि इनटेकचं तापमान बघा. आधी मारुती मंदिर चौकात गाडी पाच मिनिटं चालू ठेवून, मग हातखंब्याकडे मोकळ्या रस्त्याला. उभ्या गाडीत आकडा चढतो, पळत्या गाडीत उतरतो. पळतानाचा आकडा बाहेरच्या तापमानाच्या जवळ येत असेल तर नव्या किटने गार करायला काही उरलेलं नाही.

३. आमच्याकडची हवा दमट. म्हणजे कोकणात फायदा आणखी कमी?

दमट हवा जड वाटते, पण असते हलकी. पाण्याची वाफ प्राणवायूची जागा खाते. मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेचा साडेतीन टक्के भाग नुसती वाफ असते. इनटेक कितीही महाग घेतला तरी ती वाफ तो गाळू शकत नाही.

पण हिशोबाची दुसरी बाजूही बघा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे आणि तिथे हवेचा दाब आपल्यापेक्षा सहा-एक टक्के कमी असतो. घाट उतरून खाली आलं की गाडी मोकळी पळते असं पुण्याचे पाहुणे सांगतात, ते उगाच नाही. वाफेने नेलं त्याहून जास्त समुद्राने दिलेलं असतं.

४. टर्बो गाडीला जास्त फरक पडतो की साध्या गाडीला?

टर्बोला, पण कारण वेगळं. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापतेच आणि तिला गार करायचं काम इंटरकूलर करतो. इनटेकचा उपयोग टर्बोच्या तोंडाशी हवा कमी ओढाताणीने पोचवण्यात. पोलो जीटी टीएसआय (१०५ पीएस), व्हर्टस जीटीचं दीड लिटर टीएसआय (१५० पीएस) किंवा अबार्थ पुंटो (१४५ पीएस) अशा गाड्यांत कंपनीच्या ट्यूनवर फरक थोडाच दिसतो. रिमॅप केल्यावर (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर), टर्बोच्या जास्त दाबाला, म्हणजे बूस्टला, मोकळा इनटेक कामाला येतो. क्रम काय ठेवायचा ते प्रश्न १५ मध्ये आहे.

एक गफलत नेहमी होते. अनेक टर्बो गाड्यांत तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवर) असतो. तिथे डोंगलवर दिसणारा आकडा इंटरकूलरचं काम सांगतो, इनटेकचं नाही. त्यामुळे प्रश्न २ मधली चाचणी या गाड्यांत तेवढी बोलकी नाही.

५. उघडा कोन फिल्टर, बंद बॉक्स, की नुसता कंपनीच्या बॉक्समध्ये बसणारा फिल्टर?

आवाजच हवा असेल तर कोन. कोकणात रोज चालवायची गाडी असेल तर बंद बॉक्स. आणि मनात थोडी जरी शंका असेल तर बॉक्स कंपनीचा ठेवून फक्त आतला फिल्टर बदला.

उघडा कोन इंजिनाशेजारी बसवला तर तो गरम हवाच ओढतो. नाव कोल्ड, काम उलटं. सोबत येणारा पातळ पत्रा बॉनेटला टेकत नसेल तर तो शोभेचा. बॉनेटच्या खालच्या अंगाला रबरी पट्टीने चिकटून बसणारा बॉक्स असेल तरच धग अडते.

६. तेल लावलेला कॉटन फिल्टर घ्यावा की कोरडा?

आपल्याकडे कोरडा. सांगतो का ते.

जांभ्याची (कोकणातल्या तांबड्या दगडाची) धूळ पिठासारखी बारीक. चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्याने किंवा चौपदरीकरणाच्या कामातून एक फेरी मारली की गाडी गेरू फासल्यासारखी होते. तेलाचा फिल्टर हवा मोकळी सोडतो आणि धूळ तेलावर धरतो. पण धुतल्यावर तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर तेलाचा अंश हवेसोबत जाऊन एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारेवर बसतो. शिवाय तो धुऊन सावलीत पूर्ण सुकवावा लागतो. जुलैत इथे बनियन दोन दिवस सुकत नाही, फिल्टर कुठून सुकणार? कॉम्प्रेसरची हवा मारून सुकवाल तर जाळी फाटेल.

फिल्टर कुठलाही असो, एक परीक्षा करा. पाइप सोडवा आणि फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडच्या बाजूला पांढरं सुती फडकं आतून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर ठीक. तांबूस रेघ आली तर फिल्टर गळतोय किंवा त्याची कडा नीट बसलेली नाही, आणि ती धूळ सिलिंडरच्या भिंती घासतेय. हे फडकं आम्ही गिऱ्हाईकाच्या हातात देतो. पुढे फारसं बोलावं लागत नाही.

फिल्टर बदलायच्या किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. खाणपट्ट्यात राहत असाल तर दर महिन्याला उघडून बघा.

७. पावसाळ्यात इनटेक ठेवला तर चालतो का?

या पानावरचा हाच खरा प्रश्न.

महाराष्ट्रात १ जूनला मासेमारीबंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात. त्याच दिवशी मी माझ्या गाडीचा इनटेक उतरवतो आणि कंपनीचा बॉक्स चढवतो. दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी इनटेक परत जातो. काम दीड तासाचं.

कारण अगदी साधं आहे. सगळ्यात गार हवा बंपरच्या खाली, फॉगलॅम्पच्या मागे मिळते, आणि पाणीही तिथेच येतं. पहिल्या गाडीत मी फिल्टर तिथेच खाली बसवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. जुलैत पहाटे परशुराम घाट उतरून वाशिष्ठीच्या पुलाकडे येत होतो. रस्त्यावर पाणी जेमतेम घोट्याएवढं. समोरून एसटी आली, तिच्या चाकांनी ढकललेली लाट बंपरवर आदळली, आणि इंजिन "ठक्" करून बसलं. ना धूर, ना लाईट. प्लग काढले तेव्हा एका सिलिंडरमधून लालसर पाण्याची पिचकारी उडाली. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकला नव्हता, कारण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चालली होती. नशीब, दुसरं काही नाही.

हिशोब करून बघा. १.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा ३०० सीसी. कॉम्प्रेशन १० (म्हणजे हवा दहाव्या भागात दाबली जाते) असेल तर पिस्टन वर आल्यावर उरते साधारण ३३ सीसी. हवा दबते, पाणी दबत नाही. म्हणजे दोन-सव्वादोन मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला वाट नाही, आणि वेगात असाल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडायला पूर लागत नाही.

पावसाळ्यातही ठेवायचाच असेल तर फिल्टर बंद बॉक्समध्ये, हेडलाईटच्या वरच्या पातळीला हवा, आणि बॉक्सच्या तळाला पाणी निघायचं भोक. फिल्टरवर चढवायचा पाणी झटकणारा मोजा मिळतो. तो शिंतोडे अडवतो, बुडालेल्या फिल्टरला वाचवत नाही. बायपास व्हॉल्व नावाचा प्रकार (फिल्टर बुडाला तर वरून हवा घेऊ देणारी झडप) फक्त टर्बो नसलेल्या गाडीला चालतो.

८. गणपतीला मुंबईहून येताना पाण्यात गाडी बंद पडली तर? सेल्फ मारून बघावा का?

नाही. एकदाही नाही. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं इंजिन बरेचदा पाण्याने नाही, दुसऱ्यांदा मारलेल्या सेल्फने जातं.

गाडी ढकलून कोरड्यात आणा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. एअर बॉक्स उघडा. फिल्टर कोरडा असेल तर दोष वायरिंगचा असू शकतो, जीव भांड्यात पडेल. ओला असेल तर मेकॅनिक येईपर्यंत किल्लीला हात नको. तो प्लग काढून इंजिन हाताने फिरवेल, पाणी बाहेर काढेल. ऑइलची दांडी ओढून बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. विम्याचं प्रश्न १३ मध्ये.

९. घरच्या घरी बसवता येईल का? हत्यारं काय लागतील?

येईल. दहाचा गोटी पाना, चपटा आणि फुली स्क्रू ड्रायव्हर, जर्मन गाड्यांना टॉर्क्स बिट. आणि अंगणात सावली.

गाडी पूर्ण गार होऊ द्या. काढण्याआधी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः बारीक नळ्यांचे. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. सेन्सरचा प्लग काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून प्लग धरा. जुन्या गाड्यांत ते लॉक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं आणि बोटाखाली तुटतं. एअरफ्लो सेन्सर असेल तर त्याच्या आतल्या तारेला बोट, कापड, फुंकर काही लागू देऊ नका.

आता सर्वात जपायची जागा. जुना पाइप निघाला की टर्बोचं किंवा थ्रॉटलचं (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेचं) तोंड उघडं पडतं. त्यात लगेच स्वच्छ फडकं कोंबा आणि त्याचा शेंडा बाहेर लोंबता ठेवा. आत पडलेला छोटासा नट टर्बोची पाती फोडतो. शेवटी फडकं काढायला विसरू नका, हे लिहिताना हसू येतं, पण असं झालेलं मी पाहिलंय.

नवे भाग आधी सगळे सैल बसवा. सिलिकॉनचे जोड पुरेसे आत सरकवा, पाइपला पीळ नाही ना बघा, मगच क्लिपा एकेक करून आवळा. पहिल्या क्लिपेलाच जोर लावला की पुढचा पाइप कधीच सरळ बसत नाही. जोर एवढाच की पाइप हाताने फिरू नये. सिलिकॉन क्लिपेच्या फटीतून बाहेर फुगलं तर जास्त झालं. ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये आणणारी) आठवणीने जोडा. बॉनेट हळू लावून बघा. इंजिन रेस केल्यावर हलतं, म्हणून पाइप आणि आजूबाजूच्या भागांत बोटभर तरी अंतर हवं.

गाडी चालू करा, लगेच रेस करू नका, दोन मिनिटं आयडलला (ॲक्सिलरेटर न देता) राहू दे. ५० किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा तपासा. सिलिकॉन गरम होऊन थोडं बसतं.

१०. बसवल्यापासून चेक लाईट लागली, आयडल वरखाली होतंय. काय चुकलं?

स्कॅनर लावा, तो दोषाचा कोड दाखवतो. पी ०१७१ असेल तर मिश्रणात हवा जास्त पडतेय. पी ०११३ असेल तर तापमानाच्या सेन्सरचा प्लग सुटलाय किंवा नीट बसलेला नाही. पी ०१०१ आणि पी ०१०२ एअरफ्लो सेन्सरची तक्रार सांगतात.

पहिला संशय जोडांवर. गाडी चालू ठेवून साबणाचं पाणी जोडांवर शिंपडा. हवा ओढत असेल तिथे फेस आत जातो आणि आयडल बदलतं. बहुतेक वेळा ब्रीदरची नळीच सुटलेली असते.

जोड पक्के असूनही कोड येत असेल तर पाइपचा व्यास मोजा. एअरफ्लो सेन्सर अमुक व्यासाचा पाइप धरूनच हवा मोजतो. ६३ मिमीच्या जागी ७० मिमी पाइप आला तर छेद सुमारे २३ टक्के वाढतो, तेवढीच हवा सेन्सरवरून सावकाश जाते आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ती सुमारे १९ टक्के कमी वाटते. मग तो पेट्रोल कमी सोडतो. अशा गाडीत सेन्सरच्या जागेचा व्यास कंपनीचाच हवा. एअरफ्लोऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांना हा त्रास होत नाही. तुमची कोणती, ते किट घेण्याआधी विचारा.

११. चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप घेऊ का?

खाऱ्या वाऱ्यावर राहत असाल तर नको. मिरकरवाड्याला किंवा मालवणात किनाऱ्यालगत गाडी लावणाऱ्यांच्या पाइपवर दुसऱ्याच वर्षी पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात. किटातल्या साध्या लोखंडी क्लिपा त्याआधीच गंजतात, म्हणून त्या पहिल्याच दिवशी फेकून स्टेनलेसच्या घाला.

"ॲल्युमिनियम तापतं, हवा गरम करतं" हे मात्र वाढवून सांगितलेलं. दीड लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन ५००० आरपीएमला असताना ७० मिमीच्या अर्ध्या मीटर पाइपमधून हवा साधारण ०.०३ सेकंदात निघून जाते. तेवढ्यात तापायला तिला सवड नसते.

१२. आरटीओ पकडेल का? पीयूसी होईल का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

फिल्टर आणि पाइप आरसीवर नोंदलेले नसतात. पण आवाज आणि धूर नियमात असावेच लागतात, आणि रस्त्यावर अर्थ लावणारा अधिकारी असतो, तुम्ही नाही. मोकळा इनटेक आणि मोकळा सायलेन्सर एकत्र असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. पीयूसी प्रश्न १० मधला दोष नसेल तर सहसा होते.

१३. वॉरंटी आणि इन्शुरन्सचं काय?

वॉरंटीतल्या गाडीला किट लावू नका. टर्बो गेला तर सर्व्हिस सेंटर पहिलं बोट त्यावरच ठेवेल.

विम्यात दोन गोष्टी. बदल केला तर कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाणी ओढून इंजिन गेलं तर सहसा पैसे मिळत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला, त्यानंतर हे कव्हर आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तेही घेतलं आणि किट कळवला नाही, तर क्लेम अडायला कारण मिळतं.

१४. गाडी गावी असते, मी मुंबईत. तीन-चार महिने उभी राहते. इनटेकला काही होतं का?

उंदीर होतो. उघड्या तोंडाच्या बॉक्समध्ये सुपारीची सालं, नारळाचा काथ्या आणि सीटचा फोम आणून घरटं केलेलं आम्ही दर मे महिन्यात काढतो. कुंभारीण माशी बारीक नळ्यांत माती भरून जाते, ती वेगळीच. जाताना तोंडावर बारीक तारेची जाळी बांधा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी लावा, नाहीतर जाळीसकट गाडी चालू कराल. आल्यावर सेल्फ मारण्याआधी बॉक्स उघडून बघा.

१५. आधी रिमॅप की आधी इनटेक?

आधी टायर आणि ब्रेक पॅड. मग प्लग, ऑइल, इंटरकूलरच्या पाइपांची तपासणी. मग पहिल्या पायरीचा रिमॅप, तो बहुतेक गाड्यांत कंपनीच्या इनटेकवरच होतो. इनटेक त्यानंतर. क्रम उलटा केला तर गाडी बिघडत नाही, खिसा हलका होतो.

१६. डिझेलला आणि सीएनजीला लावतात का?

डिझेलला लावता येतो, पण मिळत फार काही नाही. प्रश्न ४ मधलं टर्बोचं सगळं इथेही लागू. जुन्या पद्धतीचा मिक्सर असलेल्या सीएनजी गाडीत हवेच्या वाटेतच गॅस मिसळतो. तिथे पाइपची छेडछाड करू नका, बॅकफायर झाला तर बॉक्स फुटतो.

१७. कंपनीचा जुना बॉक्स भंगारवाला मागतोय, देऊन टाकू?

देऊ नका. बोल्ट, क्लिपा आणि रबरी बुश एका पिशवीत घालून पिशवी बॉक्सलाच बांधा, वर गाडीचा नंबर लिहा आणि माळ्यावर टाका. मात्र माळ्यावरही उंदीर असतात, म्हणून बॉक्सची दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करा. १ जूनला लागणार आहे.